खैरनारांच्या शेजारची सीट

गाडीचं दार जोरात लावलं की खैरनार गाडी सुरू करत नसत. बोलायचेही नाहीत. हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवायचे आणि समोरच्या काचेतून बघत बसायचे. आपण दार पुन्हा उघडून हलक्या हाताने लावलं की मगच किल्ली फिरायची. मी हुद्द्याने त्यांच्या तीन पायऱ्या वर, वयाने आठ वर्षांनी मोठा. पण दोहातल्या अल हिलालच्या त्या गल्लीत रोज सकाळी पाचला मी मुकाट्याने दार दोनदा लावत असे. पहिला आठवडा मला याचा भयंकर राग आला. दुसऱ्या आठवड्यात राग आला तरी हात आपोआप हलका पडू लागला.

वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. सगळं कतार खोदून ठेवलेलं. आमची कंपनी उम्म सलाल मोहम्मदच्या पुढे एका क्रीडासंकुलासाठी थंड पाण्याचा प्लांट उभारत होती. मी तिथे विभागप्रमुख. भास्कर खैरनार चिलर, म्हणजे पाणी थंड करणारी यंत्रं, चालू करून देणारे टेक्निशियन, डिप्लोमावाले, मूळचे सटाण्याचे. बायको आणि मुलगी गावी. इथे चौघांत एक खोली. मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून, बायकोबरोबर फ्लॅटमध्ये.

माझ्याकडे गाडी नव्हती. ऑफिसात मी सांगत असे, “चांगली गाडी शोधतोय, मिळाली की घेणार.” खरी गोष्ट अशी की माझ्याकडे लायसन्सच नव्हतं. पुण्यात बावीस वर्षं स्कूटर चालवलेला माणूस मी, कतारच्या रोड टेस्टमध्ये तीनदा नापास झालो होतो. शेजारी पोलीस अधिकारी, मागे आपल्यासारखेच घामाघूम झालेले दोन उमेदवार. मी राउंडअबाउटला थांबलो तर का थांबलास, नाही थांबलो तर का नाही थांबलास. अधिकारी कागदावर रेघ मारायचा, ‘खलास’ म्हणायचा आणि मला मागच्या सीटवर पाठवायचा. तिसऱ्या वेळी मी ड्रायव्हिंग स्कूलच्या फाटकाबाहेर आलो, तर समोर खैरनार. कुणाला तरी सोडायला आले होते. त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला, माझा चेहरा पाहिला आणि इतकंच म्हणाले, “साहेब, उद्यापासून माझ्यासोबत या. मी तिकडेच तर जातो.”

साइटची बस होती, पण ती कामगारांच्या वसाहतीतून सुटायची आणि तिच्यात विभागप्रमुख बसत नसत. बसला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण कुणी तरी विचारलं असतं, की आपटेसाहेब, लायसन्सचं काय झालं? म्हणून मी दुसऱ्या दिवशी खैरनारांच्या गाडीत बसलो. माझ्या नापास होण्याबद्दल ऑफिसात त्यांनी कधी एक अक्षर काढलं नाही.

गाडी दिसायला भाजी आणायला न्यावी अशी. तीन दारांची, राखाडी, बुटकी. तिथल्या पांढऱ्याधोप डोंगराएवढ्या गाड्यांमध्ये ती उभी राहिली की कुणी तरी विसरून गेल्यासारखी दिसे. “हिला हॉट हॅच म्हणतात साहेब,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “अंगाने लहान, पोटात मोठं इंजिन.” देश सोडून निघालेल्या एका जर्मन इंजिनिअरकडून त्यांनी ती घेतली होती. गिअर हाताने टाकायचे, ही तिथे नवलाईच. रोज कामाला तीच, किराण्याला तीच, आणि हिवाळ्यातल्या शुक्रवारी सर्किटवर शर्यतीच्या वेगाने पळवायलाही तीच. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती आणि पहिली सोडायची इच्छा नव्हती.

या एका गाडीतल्या दोन गाड्यांचा सगळा जाच माझ्या कमरेला. सर्किटसाठी तिच्या स्प्रिंगा इतक्या कडक करून घेतलेल्या की रस्त्यावरचा खडासुद्धा मणक्याला कळे. आणि रस्ते कसले? आज होता तो उद्या नाही. रोज नवं डायव्हर्जन, रोज नवं पत्र्याचं कुंपण, आणि प्रत्येक वळणावर तात्पुरता उंचवटा. मी विव्हळलो की खैरनार म्हणायचे, “साहेब, उंचवटा दिसला की अंग सैल सोडा. तुम्ही आवळता म्हणून लागतं.” मी मनात म्हणायचो, माणसा, तुझ्या हौसेपायी माझी कंबर जाणार आहे.

गुरुवार तर फारच वाईट. सर्किटसाठी त्यांच्याकडे वेगळे टायर होते, मऊ रबराचे, चाकांसकट. घरमालक ते खोलीवर ठेवू देईना, म्हणून साइटवरच्या एका कंटेनरात कपाटामागे लपवलेले. गुरुवारी संध्याकाळी काम सुटलं की ती चार चाकं मागच्या सीटवर आणि डिकीत. जॅक माझ्या पायांशी. शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी; रविवारी सकाळी हीच वरात उलटी. गाडीभर जळक्या रबराचा वास. बायको माझे शर्ट वेगळे धुवायची. एकदा ती म्हणाली, “अहो, तुम्ही ऑफिसला जाता की पंक्चरच्या दुकानात?”

खैरनारांचे काही ठरलेले नियम होते. गाडीत खायचं नाही. गाडीत फोनवर भांडायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, गाडीत ऑफिस नको. “गाडीत गाडीचं बोलायचं साहेब. ऑफिसला ऑफिस आहे की.” गाडीत मी साहेब, ऑफिसच्या टेबलाशी मी ‘सर’. सकाळी तासभर खांद्याला खांदा लावून आलेला माणूस साडेसातला माझ्या टेबलाशी उभा राहून “सर, दोन नंबरच्या पंपाचा व्हॉल्व्ह” म्हणून सुरुवात करायचा, जणू आत्ताच भेटलो.

बोलायचे ते टायरवर. रोज सकाळी चारही टायरवर तळहात ठेवायचे, देवाला हात लावावा तसा. तिथल्या थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, म्हणायचे, “टायर थंड आहे तोवर गाडी आपली नाही.” आणि पहिले दहा किलोमीटर गाडी अशी न्यायचे की जणू मागच्या सीटवर बाळ झोपलंय. पुढे शमालच्या हमरस्त्याला लागलो की एखादा दांडगा मोठ्या गाडीचे दिवे उघडझाप करत मागे येऊन चिकटे. खैरनार शांतपणे बाजूला व्हायचे. मला वाटायचं, हा माणूस शुक्रवारी ज्या वेगाने पळवतो म्हणतात, ते खरं तरी आहे का?

एका नोव्हेंबरात रविवारी सकाळी मोसमातला पहिला पाऊस आला. त्या दिवशी सात वाजता क्लायंटबरोबर माझी मीटिंग होती, महिनाभर खटपट करून मिळवलेली. गल्लीतून बाहेर पडताच खैरनारांनी आरशात पाहिलं, मागे कुणी नाही याची खात्री केली आणि करकचून ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबायची ती वाकडी होऊन थांबली. माझ्या फ्लास्कमधला चहा माझ्या फायलीवर.

“काय चाललंय काय?” मी ओरडलो.

“आज रस्ता किती पकड देतो ते बघितलं,” ते म्हणाले. “काहीच देत नाहीये. आठ महिन्यांची धूळ, तेल, रबर, सगळं वर आलंय. तिकडे युरोपात बर्फासाठी वेगळे टायर घालतात साहेब. इथं पहिल्या पावसाला घालायला पाहिजेत.”

आणि मग आम्ही सायकलच्या वेगाने निघालो. रस्त्यावरची सगळ्यात पळणारी गाडी सगळ्यात हळू. मागे हॉर्नचा कल्लोळ. मी घड्याळ दाखवलं, क्लायंटचं नाव सांगितलं, शेवटी चिडून म्हणालो, “खैरनार, तुम्हाला शर्यतीचा शौक आहे ना? मग आज काय झालं?”

“पळवायचं नंतर. थांबवता येते का ते आधी बघायचं.”

पुढच्या बोगद्यात पाणी तुंबलेलं. तिथे दोन मोठ्या गाड्या कठड्याला आडव्या, तिसरी दिव्याच्या खांबावर. त्यातल्या एकीतून आमच्याच क्लायंटचा माणूस भिजत बाहेर आला. आम्ही त्याला मागे, चार चाकांच्या मध्ये, कसाबसा कोंबला. मीटिंग नऊला झाली. मला बोलणी खावी लागली नाहीत, तरी मी खैरनारांचे आभार मानले नाहीत. फायलीवरच्या चहाचा राग बाकी होता.

त्याच हिवाळ्यात त्यांनी मला एकदा सर्किटवर नेलं. माझी बायको म्हणाली म्हणून गेलो. शुक्रवारची कोवळी उन्हं, हवेत गारवा, आणि रांगेने उभ्या असलेल्या अशा गाड्या की ज्यांच्याकडे बघतानाही भीड वाटावी. त्यांच्यामध्ये खैरनार उकिडवे बसून चाकं बदलत होते. गळ्यात गमछा. मागची सीट काढून भिंतीला टेकवलेली, तिच्यावर मी.

ते ट्रॅकवर गेले आणि मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. आवाज मोठा नव्हता, धूर नव्हता, टायर किंचाळत नव्हते. ती बुटकी राखाडी गाडी वळणात शिरायची आणि कुणी दोरी ओढावी तशी बाहेर यायची. तिच्या मागे लागलेल्या मोठ्या गाड्या सरळ रस्त्यावर पुढे जायच्या आणि वळणात पुन्हा मागे पडायच्या. परत आले तेव्हा कपाळावर घाम नव्हता. गाडी उभी केली, पण हँडब्रेक ओढला नाही, चाकाखाली विटेचा तुकडा ठेवला. म्हणाले, “ब्रेक तापलेत. आता आवळले तर चिकटतील. दमलेल्याला लगेच धरून ठेवू नये साहेब.”

शेजारचा एक कतारी तरुण त्याची गाडी वळणात का सरकते म्हणून वैतागला होता. खैरनारांनी त्याच्या टायरला तळहात लावला, बाहेरची कड, मधला भाग, आतली कड. मोडक्या हिंदी-अरबीत म्हणाले, हवा जास्त आहे, एवढी कमी कर. तो हसला, पण त्याने केली. पुढच्या फेरीनंतर तो येऊन त्यांच्या हातात हात घालून उभाच राहिला. हे सगळं सर्किटवर गाड्यांची तपासणी करणारा मुख्य माणूस, एक आयरिश म्हातारा, बाजूला उभा राहून बघत होता. त्याने खैरनारांना चहाला नेलं.

दोन आठवड्यांनी खैरनार माझ्या टेबलाशी आले. “सर, हे.” एक लिफाफा. आणि गेले.

त्या सकाळी गाडीत आम्ही तासभर एकत्र होतो. पण गाडीत ऑफिस नको.

लिफाफ्यात अर्ज होता. सर्किटवर गाड्या तपासायची नोकरी त्यांना मिळत होती. तिथे तेव्हा एका कंपनीतून दुसरीकडे जायचं तर पहिल्या कंपनीची एनओसी लागे, आणि आमच्याकडे अर्जावर विभागप्रमुखाची सही झाल्याशिवाय एचआर तो हातातही घेत नसे. मी सही करायची होती, बास. तिसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं की नव्या हुद्द्यावर फॅमिली व्हिसा मिळतो. पत्नीला व नववीतल्या मुलीला आणता येईल. आठ वर्षं त्यांनी मुलीला वर्षातून एक महिना पाहिलं होतं. हे त्यांनी मला गाडीत कधी सांगितलं नव्हतं. अर्जात सांगितलं, कारण अर्जात कारण द्यावं लागतं.

मी तो लिफाफा ड्रॉवरमध्ये ठेवला.

लोक विचारतील असं नाही, कारण कुणाला माहीतच नाही. पण विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. प्लांट अर्धा होता, तीन नंबरचा चिलर त्यांच्याशिवाय कुणाला ऐकत नव्हता, हॅन्डओव्हर जवळ आलेला. हे खोटं नव्हतं. पण खरं हे होतं की त्याच आठवड्यात मी पाचव्यांदा नापास झालो होतो. खैरनार गेले तर सकाळी पाचला मला कोण नेणार होतं? कामगारांच्या बसच्या पायरीवर मी उभा आहे आणि सगळे बघताहेत, हे चित्र मला डोळ्यांसमोर आणवेना. एका माणसाचं आयुष्य मी एका लिफ्टसाठी अडवलं. इतकी क्षुद्र गोष्ट आहे की ती कबूल करायला मला इतकी वर्षं लागली. मोठं पाप असतं तर कदाचित लवकर बोललो असतो.

आठवड्याने त्यांनी टेबलाशी विचारलं, “सर, ते झालं का?” मी म्हणालो, “वर दिलंय. बघू या, इन्शाल्ला.” त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. आपल्या लोकांत भीड म्हणून जी काही चीज आहे ती मला त्या दोन महिन्यांत कळली. एकदा विचारलं, साहेब म्हणाले वर दिलंय, आता पुन्हा कसं विचारायचं? आणि मी? मी त्या भिडेच्या आडोशाला निवांत बसलो. निवांत कसला. रोज सकाळी तो माणूस माझ्या दाराशी गाडी आणायचा, टायरवर हात ठेवायचा, मला न्यायचा. एकदा धुक्यात, शमालच्या रस्त्यावर, पुढची गाडीसुद्धा दिसत नव्हती अशा वेळी ते म्हणाले, “साहेब...” मी पटकन खिडकीकडे वळलो. ते म्हणाले, “काही नाही. काच पुसून घेता का तुमच्या बाजूची?”

घरी बायको विचारायची, “अहो, खैरनारांच्या नोकरीचं काय झालं?” सर्किटवरच्या कुणाच्या बायकोकडून तिला कळलेलं. मी म्हणायचो, “प्रोसेस असते.” एकदा ती म्हणाली, “तुमची सही लागते ना फक्त?” मी ताटावरून उठलो.

मार्चअखेर सर्किटचा मोसम संपला. म्हातारा थांबून थांबून कंटाळला आणि त्याने दुसरा माणूस घेतला. मी खैरनारांना बोलावून सांगितलं, “वरून नाही आलं हो.” ते म्हणाले, “ठीक आहे सर. तुम्ही प्रयत्न केला.”

मला वाटलं होतं, आता ते मला गाडीत घेणार नाहीत. मनातल्या मनात मी तसं मागतही होतो. दुसऱ्या दिवशी पाचला गाडी दाराशी. आणि वाटेत ते म्हणाले, “साहेब, एक बोलू? रागावू नका. मी शिकवतो तुम्हाला.” याआधीही एकदा म्हणाले होते. तेव्हा मी हसून उडवून लावलं होतं. आपल्या हाताखालच्या टेक्निशियनकडून काय शिकायचं? या वेळी नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

साइटमागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी मला शिकवलं, संध्याकाळी अर्धा तास, त्यांच्या त्या जीव की प्राण गाडीवर. मी क्लच असा सोडायचो की गाडीला उचकी लागायची. ते एकदाही ओरडले नाहीत. माझा दोष त्यांनी तिसऱ्या दिवशी ओळखला. “साहेब, तुम्ही शेजारच्याकडे बघता. मी काय म्हणेन, पोलीस काय म्हणेल. रस्त्याकडे बघा ना. रस्ता काही म्हणत नाही.” सहा आठवड्यांनी मी पास झालो. अधिकाऱ्याने हात मिळवला. फाटकाबाहेर खैरनार उभे होते. त्यांनी मला चक्क मिठी मारली. मी लाकडासारखा उभा राहिलो. सहा आठवडे. आधीच शिकलो असतो, तर तो अर्ज ड्रॉवरमध्ये एक दिवसही राहिला नसता.

पुढे एनओसीचा कायदाच गेला. पण तोवर साथ आली होती, सर्किट बंद होतं, आणि तिथली जागाही भरलेली. प्लांट पुरा झाला. वर्ल्ड कप यायच्या आधीच त्यासाठी राबलेल्या लोकांना कंपन्या घरी पाठवू लागल्या. खैरनारांचं नाव यादीत आलं. त्या यादीवरही विभागप्रमुखाची सही लागते. ती मी एका दिवसात केली, कारण ती अडवून उपयोग नव्हता.

गाडी त्यांनी मदिनत अश शमालमधल्या एका दुकानदाराला विकली. पोचवायला ते पुढे त्यांच्या गाडीत, मागे मी एव्हाना घेतलेल्या माझ्या गाडीत, त्यांना परत आणायला. दुकानदाराने किल्ली घेतली. खैरनार त्याला टायरची हवा किती ठेवायची ते तीनदा सांगून आले आणि माझ्या शेजारी बसले. वळून पाहिलं नाही.

अर्ध्या वाटेवर मी बोललो. “खैरनार, तो अर्ज मी वर दिलाच नव्हता.”

ते समोर बघत राहिले. एक फलक गेला, दुसरा गेला.

“का?”

खरं उत्तर जिभेवर होतं. शब्दसुद्धा ठरवले होते. मी म्हणालो, “प्लांट अडला असता. तीन नंबरचा चिलर...”

ते हळूहळू मान हलवत म्हणाले, “हां. तो अडलाच असता. तुमची पण जबाबदारी होती.” थोड्या वेळाने, “तेव्हा सांगायचं होतं साहेब. मी चिलर करून गेलो असतो. म्हाताऱ्याला सांगितलं असतं, दोन महिने थांब.” आणि अजून थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, “पोरगी दहावी झाली आता. आता ती काय येती इथं.”

त्यांनी मला कामापोटी माफ केलं. कामासाठी मी ते केलंच नव्हतं. कबुलीतसुद्धा मी स्वतःसाठी बरी जागा राखून ठेवली, आणि त्यांनी मला ती दिली.

अल हिलालमध्ये त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या. त्यांना सोडल्यावर मला गाडी मागे घेऊन बाहेर पडायचं होतं, आणि मी अडकलो. खैरनार फाटकातून परत आले. पिशवी खाली ठेवली, माझ्या गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. एक हात वर. “या... या... डावीकडे घ्या थोडं... बस, आता सरळ.” तोंडावर नेहमीचा तो भाव, टायरला हात लावताना असायचा तसा, दुसरं काही नाही. गल्लीच्या तोंडाशी एक पिकअप आत शिरत होता, त्याला त्यांनी तळहात दाखवून थांबवलं. पिकअपवाल्याने हॉर्न वाजवला. खैरनार हलले नाहीत. मी पूर्ण बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत ते तसेच, हात आडवा धरून, माझ्यासाठी वाट अडवून उभे होते.